वाघ दोनदा घालवला

भात पिवळं पडायला लागलं की माझं डोकं फिरतं. इतरांचं या दिवसांत मन प्रसन्न वगैरे होतं म्हणे. इंद्रायणी भाताचा वास सगळ्या मावळात भरून राहिलेला असतो, कान्ह्याच्या रेल्वे फाटकात गाडी अडकली तरी तो बंद काचेतून आत येतो. सकाळी धुकं बेडशाच्या डोंगराच्या कमरेपर्यंत चढून थांबलेलं असतं. बांधावर माणसं विळे घासत बसलेली असतात. हे सगळं मला दिसतं, मी काही आंधळी नाही. पण याच दिवसांत पवनेच्या काठावर तंबू उगवायला लागतात, वळणावळणावर 'कॅम्पिंग, बार्बेक्यू, डीजे' असे फलक लागतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या वर्षापासून तर हा हंगामच मला सोसत नाही. नव्या भाताचा वास आला की त्याच्या मागोमाग रंग दिलेल्या कोंबडीच्या पिसांचा वास येतो, आणि मी खिडकी लावून घेते.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. आता निवृत्त होऊन कान्ह्यात राहते. माहेर तिकडं पवनेच्या काठाला. आमची चांगली जमीन धरणानं गिळली, राहिली ती चढावरची, वरकस. तीच माझ्या धाकट्या भावानं, सुभाषनं, पुण्याच्या एका कॅम्पवाल्याला भाड्यानं दिली. चढाच्या वरच्या टोकाला ऐनाचं जुनं झाड आहे. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक धोंडा होता, गुडघ्याएवढा. तो वाघोबा. आणि त्याच्याही वर, डोंगराच्या खांद्याला, ठाकरवाडी. कागदावर जागा आमची, देव ठाकरांचा. वडील होते तोवर याची कधी चर्चासुद्धा झाली नाही. ते म्हणायचे, तेवढी जागा वाडीची, तिथं नांगर घालायचा नाही. विषय संपला.

सुभाषला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, सातबाऱ्यावर वाघोबाचं नाव कुटं हाय दाखव मला."

असं बोलणाऱ्या माणसाला काय दाखवायचं? मी म्हटलं, वडिलांचा शब्द होता. तर म्हणतो, "धरणात आपली जमीन गेली तवा कुनी आपला शबुद इचारला?" तेही खरंच होतं. राग येतो तो याचाच. ज्याचं एकदा ओरबाडून नेलेलं आहे, तो दुसऱ्याचं ओरबाडताना तेच कारण पुढं करतो, आणि ते कारण खोटंही नसतं.

आमच्याकडं दिवाळीच्या आधी वसुबारस. गाय-वासराची पूजा, गव्हाचा पदार्थ खायचा नाही, संध्याकाळी दारात पणती. त्याच दिवशी वाडीवर वाघबारस. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. खाली आम्ही गाईला ओवाळायचो आणि वर ती माणसं तिला खाणाऱ्याला ओवाळायची. घराघरातून तांदूळ गोळा करून ऐनाखाली खीर शिजायची. मग वाडीतला एकजण अंगावर गेरू-चुन्याचे पट्टे ओढून वाघ व्हायचा. दोन हातांवर, दोन पायांवर झाडामागून यायचा. बाकीचे काठ्या घेऊन त्याला अडवायचे आणि तीनदा विचारायचे, आमच्या गुरांकडं बघशील? तीनदा तो गुरगुरून नाही म्हणायचा. मग आरडाओरडा करत त्याला ओढ्यापलीकडं, शिवेबाहेर घालवायचे. तिथं तो पट्टे धुऊन टाकायचा आणि माणूस होऊन परत यायचा. वर्षातून एकदा. एकदाच.

आता अमेरिकेचं सांगते, कारण सगळी चूक तिथून सुरू झाली आणि ती माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला मी साउथ डकोटात गेले होते. जावई तिथं इस्पितळात कामाला. आपल्याकडं अमेरिका म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात. मी पाहिली ती अमेरिका म्हणजे नजर पोचेल तिथवर गवत, आणि एका बाजूला काळपट डोंगर. त्या इस्पितळात डॅरलीन नावाची परिचारिका होती, माझ्याच वयाची, लाकोटा जमातीची. बाळाला बघायला घरी यायची. बसायची, चहा प्यायची, आणि मी प्रश्न विचारत राहायचे. पस्तीस वर्षं 'कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला' हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं होतं, पोरांकडून पाच पाच वेळा वहीत उतरवून घेतलं होतं. आणि समोर बाई बसलेली, जिची माणसं तो यायच्या कितीतरी आधीपासून तिथं होती! मला तोंड लपवावंसं वाटलं.

डॅरलीननं ते काळे डोंगर दाखवले. ते त्यांचेच राहतील असा सरकारनं करार केला होता, लेखी, सह्यांसकट. मग तिथं सोनं सापडलं आणि करार गेला चुलीत. पुढं कधीतरी न्यायालयानंही मान्य केलं की हे चुकीचं झालं, भरपाई घ्या. ती त्यांनी आजतागायत घेतलेली नाही. डॅरलीन म्हणाली, "विकले असते तर पैसे घेतले असते." एवढंच म्हणाली आणि बाळाचा लंगोट बदलायला लागली.

तिच्या आजीला लहानपणी उचलून सरकारी शाळेत नेलं होतं. वेण्या कापल्या, घरची भाषा बोलली की मार. हे ऐकताना माझे कान गरम झाले. वाडीवरची पोरं माझ्या वर्गात यायची तेव्हा "'न्हाई' नव्हे, 'नाही' म्हण" असं म्हणत मीही छडी उगारली होती. आपण वाईट वागतोय असं एका क्षणासाठीही वाटलं नव्हतं. आणि ऐका, त्यांच्या मुलखात त्यांनी आपले नाच करायचे नाहीत, आपली पूजा करायची नाही, असा कायदा होता. त्याच काळात त्याच लोकांना रोजावर घेऊन शहरोशहरी तंबूतल्या खेळांत नाचवत होते, तिकीट लावून! देवापुढं नाचलास तर तुरुंग, गोऱ्यांपुढं नाचलास तर टाळ्या. हे डॅरलीन शांतपणे सांगत होती.

एके दिवशी ती मला त्यांच्या मेळ्याला घेऊन गेली. मोकळं मैदान, कडेनं उभारलेल्या टिप्या. टिपी म्हणजे वर निमुळता होत जाणारा, लांब वाशांवर ताणलेला त्यांचा तंबू. दार उगवतीकडं. पूर्वी टिपी घरातल्या बाईच्या मालकीची असायची, हे कळल्यावर मला फारच आवडली. मधोमध ढोल, भोवती नाच. म्हातारे, तरणे, कडेवरच्या पोरांसकट बाया. मी पदर खोचून फोटो काढत सुटले होते. अचानक ढोल थांबला. कुणाच्या तरी पोशाखातलं गरुडाचं पीस खाली पडलं होतं. सगळं मैदान उभं राहिलं. टोप्या उतरल्या. निवेदकानं सांगितलं, कॅमेरे खाली. ते पीस म्हणजे पडलेला योद्धा. ते असंच कुणी उचलत नाही, युद्ध पाहिलेली जुनी माणसं पुढं येतात, रीतसर उचलतात. डॅरलीननं माझ्या हातावर हात ठेवून फोन खाली केला.

पण त्याआधीच मी एक फोटो काढला होता. आणि तो मी पुसला नाही.

का नाही पुसला? स्वतःला हजारदा विचारलंय. इतका चांगला आला होता, म्हणून. मोकळं गवत, मधोमध ते एक पांढरं पीस, लांब उभी माणसं. मास्तरणीची हाव, दुसरं काय! वर्गात दाखवायला उपयोगी पडेल, असं मनाला सांगितलं. वर्ग तर केव्हाच सुटला होता.

परत आले ती भात कापणीच्या दिवसांत. सुभाषकडं गेले तर अंगणात तो कॅम्पवाला बसलेला. निखिल त्याचं नाव. तिशीचा, गोड बोलणारा, चपला दाराबाहेर काढणारा. "काकू, अमेरिकेहून आलात? सांगा ना!" आणि मी सांगितलं. अहो, निवृत्त शिक्षिकेला कुणी 'सांगा ना' म्हटलं की तिचं काय होतं, ते दुसऱ्या निवृत्त शिक्षिकेलाच कळेल. घरात कुणी ऐकत नाही, लेकीला वेळ नाही. मी दोन तास बोलले. करार, काळे डोंगर, शाळा, वेण्या, सगळं. फोनवर टिप्या दाखवल्या, नाच दाखवला, पिसांचे टोप दाखवले. आणि तो फोटोही दाखवला. तो मान डोलवत होता. मला वाटलं, पोरगा हळहळतोय.

शेवटी म्हणाला, "काकू, हे भारी आहे. आपल्या पट्ट्यात कुणाकडेच नाहीये."

मला तेव्हा कळलं नाही. शप्पथ, कळलं नाही. एवढं सगळं ऐकून माणूस त्यातून फक्त तंबूचा आकार उचलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या हंगामात आमच्या चढावर टिप्या उभ्या राहिल्या. प्लास्टिकच्या, आत दिव्यांच्या माळा, मागं जोडलेला संडास. दारं उगवतीकडं नव्हती, धरणाकडं होती, व्ह्यू हवा ना. फाटकावर 'रेड इंडियन व्हिलेज'. सर्वात मोठ्या टिपीचं नाव 'चीफ सूट'. सोमाटण्याहून फ्लेक्स करून आणले होते, त्यावर पिसांचा टोप घातलेला कुणीतरी हिंदी सिनेमाच्या नटासारखा दिसणारा माणूस. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी यायची, गालांवर रंगाच्या रेघा मारायची, तोंडावर हात आपटत ऊऊऊ ओरडायची आणि चिकन भाजायची. आणि ताटं उचलायला, शेकोटीला लाकडं आणायला, संडास धुवायला रोजंदारीवर कोण? वाडीवरचे ठाकर. त्यांनाही टोप दिलेले, कोंबडीची पिसं रंगवून केलेले. डोंगरावरून खाली उतरलेली खरी डोंगरची माणसं पिसं लावून संडास धुत होती, आणि पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. मी तिथं उभी राहून बघत होते. निखिल म्हणाला, "काकू, तुमचीच आयडिया!"

कानाखाली वाजवावीशी वाटली. कुणाच्या, ते ठरत नव्हतं.

कुंपण ऐनाच्या झाडाच्या पलीकडून गेलं होतं. वाघोबा आत. गेल्या वर्षी वाघबारस आली आणि त्याच दिवसाचं निखिलचं दिवाळीचं बुकिंग फुल. गोमाभाऊ माझ्याकडं आले. वाडीतले थोरले तेच, वाघही दरवर्षी तेच व्हायचे. दारातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, देवापाशी जाऊन देत न्हाईत. तुमी बोला."

मी बोलले. निखिलशी भांडले, सुभाषशी भांडले. आणि अखेर तोडगा काढला, तोडगा काढण्यात मी फार हुशार! निखिल म्हणाला, परमिशनचा काही इश्यू नाही, पाहुण्यांनाही बघू दे, आपलं कल्चर आहे ना. फक्त त्यांनी टोप घालून करावं, थीममध्ये बसलं पाहिजे. मी ते गोमाभाऊंना सांगितलं. जिंकून आल्यासारखं सांगितलं, हो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पिसं कशापायी, बाई? वाघाला पिसं असत्यात व्हय?"

"भाऊ, एक दिवसाचा तर प्रश्न. देवापाशी जायला मिळतंय ना?"

ऊन कलल्यावर वाडी खाली उतरली. बुधामावशी, गोमाभाऊंची बहीण, खिरीचं पातेलं डोक्यावर घेऊन पुढं. पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले, हातात ग्लास. निखिलनं माइकवर जाहीर केलं, "हे आहेत आपले सह्याद्रीचे रेड इंडियन्स!" टाळ्या. गोमाभाऊ झाडामागून आले, दोन हातांवर, दोन पायांवर, साठीच्या पुढचा माणूस, अंगावर गेरू-चुना आणि डोक्यावर तो टोप. वाडीनं विचारलं, आमच्या गुरांकडं बघशील? माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "सो क्यूट." तिसऱ्या वेळी मान हलवताना टोप चिखलात पडला. हशा झाला. गोमाभाऊ थांबले नाहीत. ओढ्यापर्यंत गेले, पलीकडं पट्टे धुतले, आणि ओल्या अंगानं माणूस होऊन परत आले.

"भाऊ, वन मोअर," निखिल म्हणाला. "टोप पडला ना, रील खराब झाली. परत एकदा पूर्ण करा."

"न्हाई जमायचं," गोमाभाऊ म्हणाले. "वाघ घालवला आता. घालवल्याला परत ये म्हनायचं का?"

पाहुणे पुन्हा हसले. त्यांना तो विनोद वाटला. निखिलनं माझ्याकडं पाहिलं. "काकू, तुम्ही समजवा ना. उद्यापासून यांची कामं आहेत माझ्याकडं."

त्यातली धमकी मला कळली. वाडीतल्या निम्म्या घरांची चूल त्या कॅम्पवर पेटत होती, हेही माहीत होतं. आणि खरं सांगू का? मला ती संध्याकाळ संपायला हवी होती. मी ठरवलेलं बिनसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "करा हो भाऊ. पटकन."

"बाई, तुमी सांगताय?"

"हो."

त्यांनी पुन्हा गेरू लावून घेतला. दुसऱ्या वेळी वाडीतल्या कुणाच्याच तोंडून प्रश्न फुटेना, तर पाहुण्यांतल्या एकानं हौसेनं ओरडून विचारलं, "बघशील का रे?" बुधामावशींनी देवाकडं पाठ केली आणि खिरीच्या पातेल्यावर पदर धरला. टोप या वेळी पडला नाही. रील छान आली म्हणे.

त्यानंतर काही दिवसांनी बुधामावशींची गाभण शेळी बिबट्यानं नेली. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. दर वर्षी कुणाची ना कुणाची नेतोच, त्यात काही नवल नाही. हे मला कळतं आणि वाडीलाही कळतं. मला कुणी काही बोललं नाही. गोमाभाऊ रस्त्यात भेटले तर रामराम करायचे, पूर्वीसारखाच. तो रामराम मला चाबकासारखा लागायचा. त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी हात जोडले असते, त्यांनी ती सोयही ठेवली नाही. वाडीतली बहुतेक माणसं कॅम्पवरून उठली आणि लोणावळ्याकडं बांधकामाला जायला लागली.

मी तो पिसाचा फोटो पुसला. आता पुसून कुणाचं काय भलं झालं?

यंदाही भात पिवळं झालं. गेल्या आठवड्यात सुभाषचा फोन. "ताई, धोंडा न्हाई जाग्यावर. ऐनाखाली नुसता खड्डा हाय. निखिल लय तापलाय, त्यानं वाघाचा कारेक्रम छापलाय. तू जरा वाडीवर जाऊन इचार ना, तुझं ऐकत्यात."

मी सुभाषला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पण गेले. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी गेले. देव कुठं आहे ते मला हवं होतं. या वाघबारशीला मला तिथं जायचं होतं, लांब उभं राहायचं होतं, वाडीसमोर त्याच्या पाया पडून चुकले म्हणायचं होतं. एवढं झालं असतं तर ही आग जरा निवली असती.

बुधामावशी अंगणात भात झोडत होत्या. त्यांनी पेंढी खाली ठेवून मला घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. मी विचारलं.

"देव तितं न्हाई आता," त्या म्हणाल्या.

"मग कुठं आहे?"

"हाये."

"मला फक्त पाया पडायचंय, मावशी. चूक माझी झाली. मी भाऊंना करायला लावलं."

"व्हय. तुमीच लावलं." त्यांनी ते असं म्हटलं, जसं आज गुरुवार आहे म्हणावं. मग पेंढी उचलून दोनदा आपटली, दाणे सगळीकडं उडाले. "बाई, तुमी वंगाळ न्हाई. आमची पोरं तुमी शिकिवली. पन तुमाला येक दावलं की तुमी धा जनांना दावता."

"मी कुणाला सांगणार नाही. मुलीची शपथ."

"मनापासनं म्हनताय, कळतंय की मला. तवाबी मनापासनंच केलं आसल." आणि त्या परत झोडायला लागल्या. मी चहा संपवला. मला कुणी जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

खाली उतरताना रडू यायला हवं होतं, आला तो रागच. सुभाषचा, निखिलचा, ग्लास हातात घेऊन हसणाऱ्यांचा, आणि बुधामावशींचासुद्धा. त्या बरोबर होत्या म्हणून त्यांचा जास्त. मला वगळलं होतं. शिव्या न देता, तोंडावर दार न आपटता, चहा पाजून वगळलं होतं, आणि त्यावर अपील नव्हतं.

गाडीपाशी पोचते तोच निखिलचा फोन. "काकू, कळलं का कुठं नेलाय देव?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण ते खरं ठरलं असतं, याची मला खात्री वाटेना. म्हणून मी फोन ठेवला.